सेकंड हँड छोटी गाडी : घेताना आणि घेतल्यावर

या खेपेची पत्रं वाचताना लक्षात आलं की नव्या गाडीबद्दल कुणालाच काही विचारायचं नाहीये, सगळे जुन्या आल्टो, वॅगनआर आणि आय-टेनच्या मागे. बरंच आहे. नव्या गाडीचं शोरूमवाले सांगतातच, जुनीचं सांगणारे पन्नास भेटतात पण त्यातल्या चाळिसांना गाडी विकायची असते. मोठी पत्रं कापून छापलीयेत, राग मानू नका.

प्रश्न : काका, दोन लाखांपर्यंत गाडी घ्यायचीये. एका डीलरकडे २०१६ ची आल्टो ८०० बघितली, फर्स्ट ओनर, ४६ हजार किलोमीटर, आतून अगदी नव्यासारखी. बाजारभावापेक्षा तीसेक हजारांनी कमी सांगतोय. हे म्हणतात टोकन देऊन टाकू, मला मात्र कसंतरीच वाटतंय. काय काय बघून घ्यायचं?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : ताई, टोकन थांबवा. बडोद्यात एवढी जुनी गाडी तीस हजारांनी स्वस्त आणि वर आतून नव्यासारखी दिसली की माझा पहिला प्रश्न एकच असतो, ऑगस्ट २०२४ च्या पुरात ही गाडी कुठे उभी होती? विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी पंचवीस-सव्वीस फुटांची आणि त्या वेळी पाणी पस्तिशीच्या वर गेलेलं, समा, अकोटा, मुजमहुडा, आणि तुमच्या कारेलीबागचं तर मी तुम्हाला काय सांगणार. माणसं गच्चीवर, मगरी सोसायटीत आणि गाड्या पार्किंगमध्ये पाण्याखाली. आता त्या गाड्यांचं पुढे काय झालं बघा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे मिळतात आणि गाडी लिलावात जाते. पण लिलावात गेलेली प्रत्येक गाडी तुटायला जात नाही ना. धुऊन, वाळवून, नवी सीट कव्हरं आणि नवं मॅटिंग टाकून ती परत बाजारात येते, आणि मग डीलर सांगतो, "साहेब, एकदम चोख्खी गाडी छे."

पुढचा सीटबेल्ट हळूहळू ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढा, अडेपर्यंत. वरचा वापरातला भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. तिथे आडवा मातकट डाग असेल, पट्टा कडक झाला असेल किंवा बोटाला बारीक गाळ लागला तर गाडीतून उतरा आणि रिक्षा करून घरी जा, पुढचं बघायची गरज नाही. पट्टा स्वच्छ निघाला तर ड्रायव्हर सीट पुढे-मागे सरकवून खालचे रूळ आणि बोल्ट मोबाइलच्या टॉर्चने बघा. दहा वर्षांच्या गाडीत थोडा गंज चालतो, पण सगळ्या बोल्टांवर सारखा तांबडा थर आला असेल तर ते पाणीच. डिकीत स्टेपनी काढून खालचा खड्डा बघा, डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगचे सॉकेट बघा, तांब्यावर हिरवट पूड दिसतीये का ते. आणि गाडीत परफ्युमचा भपकारा येत असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात उभी करायला सांगा, खरा वास आपोआप वर येतो. बुडालेल्या गाडीचं दुखणं असं की ती लगेच बंद पडत नाही, सहा-आठ महिन्यांनी आज स्टार्टर, उद्या अल्टरनेटर, परवा पॉवर विंडो असं सुरू होतं आणि मेकॅनिकसुद्धा वैतागतो.

अजून एक गोष्ट, ही बरेच जण विसरतात. मालकाची चालू विमा पॉलिसी मागा आणि त्यावर नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते वाचा. क्लेम न घेता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. फर्स्ट ओनरची २०१६ ची गाडी, दर वर्षी फुल इन्शुरन्स, तर बोनस पन्नासवर असायला हवा. शून्य किंवा वीसच दिसला तर मागच्या एक-दोन वर्षांत क्लेम झालाय किंवा पॉलिसी नव्वद दिवसांपेक्षा जास्त तुटली होती, मग कशाचा क्लेम ते तोंडावर विचारा. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर ही युक्ती चालत नाही, आणि बोनस वाचवणारं ॲड-ऑन घेतलेलं असेल तर फसवूही शकते. किलोमीटरचं म्हणाल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर देऊन मालकामार्फत हिस्ट्री काढा, मीटर मागे फिरवणं फार अवघड राहिलेलं नाही. ४६ हजारांच्या गाडीचं क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं असेल तर रबर खरं बोलतंय, मीटर नाही.

आणि बजेट दोन लाख असेल तर गाडी पावणेदोनच्या आतली बघा. उरलेले पैसे पहिल्या महिन्यातच लागतात : ऑइल, कूलंट, ब्रेक पॅड, बॅटरी, आणि बहुतेक वेळा टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, तसा टायर नक्षी शिल्लक असली तरी म्हाताराच. आल्टो ८०० च्या ७९६ सीसी इंजिनात टायमिंग बेल्ट असतो, चेन नाही, तो बदलल्याचा कागद नसेल आणि गाडी लाख किलोमीटरकडे चाललेली असेल तर बेल्ट बदलूनच टाका. भाव करताना एवढं मात्र बोला की सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, नव्या गाड्या उतरल्या, मग जुनीचा भाव जुनाच कसा? डीलर हसेल, पण उतरेल.

प्रश्न : माझ्या २०१४ च्या आल्टोचा ॲव्हरेज १९ वरून साडेपंधरावर आलाय. सगळे म्हणतात इथेनॉलमुळे. मागच्या मे मध्ये गाडी गरम व्हायची ते गॅरेजवाल्याने नीट करून दिलं, बाकी गाडीला काही झालेलं नाही. जुन्या गाडीला हे पेट्रोल चालतं का?
— दांडिया बाजार

उत्तर : भाऊ, सगळा दोष इथेनॉलच्या माथी मारू नका, थोडा माझ्या मते त्या मे महिन्यातल्या "नीट करून दिलं"चाही आहे.

आधी इथेनॉल. पेट्रोलच्या मानाने इथेनॉलमध्ये ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज पडणार हे खरंच आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या रोडमॅपमध्ये ई-२० मुळे, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे, जुन्या धाटणीच्या चारचाकींचा अंदाज ६ ते ७ टक्के घट असा दिलेला आहे. म्हणजे तुमचे १९ पावणेअठरावर यायला हवेत, साडेपंधरा नाही. ते वरचे दोन कुठे गेले?

आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी गरम झाली की काही गॅरेजवाले एक जुनं काम करतात, थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढूनच टाकतात. "साहेब, वॉल काढून टाकलाय, बडोद्यात थंडी आहे कुठे?" गाडी गरम व्हायची थांबते, गिऱ्हाईक खूश. पण तो व्हॉल्व्ह असतो कशाला, तर इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही म्हणून. तो नसला की इंजिन लवकर तापत नाही, कॉम्प्युटरला वाटतं गाडी अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडत बसतो, आणि तुमच्यासारखा माणूस दांडिया बाजारातून रावपुऱ्यात आणि परत एवढंच फिरत असेल तर गाडी पूर्ण गरम होतच नाही कधी. सकाळी थंड गाडी सुरू करा, बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपला हात लावून बघा (फॅन आणि बेल्टपासून लांब, साडीचा पदर, ओढणी, मफलर सगळं आवरून). व्हॉल्व्ह असेल तर पाइप काही मिनिटं गारच राहतो आणि मग एकदम तापतो. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर व्हॉल्व्ह गेलेला आहे. पार्ट महाग नाही, हजाराच्या आत काम होतं. मात्र तो बसवल्यावर गाडी परत गरम झाली तर मूळ रोग तसाच आहे, रेडिएटर चोक झालाय, फॅनचा स्विच गेलाय किंवा कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलंय. बोअरच्या क्षाराने रेडिएटरच्या आत काय होतं ते घरातला गिझर एकदा उघडून बघितला की कळतं.

राहिला प्रश्न चालतं का. २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई-२० साठी बनवलेल्या नाहीत, त्यामुळे पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील यांच्यावर नजर ठेवा, वास आला की लगेच दाखवा. आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकीत तळाला पेट्रोल ठेवून सोडू नका, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं.

प्रश्न : पुण्याचा मुलगा त्याची २०१३ ची वॅगनआर मला देतोय, एमएच १२ पासिंग. इथे चालवली तर पोलीस पकडतात का? नंबर बदलायलाच लागतो का?
— एक काकू, मांजलपूर

उत्तर : काकू, मुलाचं कौतुक आहे पण हिशोब करू या. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की नवा नंबर घ्यावा लागतो, तोपर्यंत चालवायला हरकत नाही, फक्त गाडी गुजरातमध्ये कधी आली याचा पुरावा ठेवा, फास्टॅगची टोल एंट्री पुरते. नंबर बदलायचा म्हणजे पुण्याच्या आरटीओतून फॉर्म २८ ची एनओसी, कर्ज असेल तर त्याआधी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, मग इथे दरजीपुऱ्याच्या आरटीओत नव्या नंबरचा अर्ज, सोबत तुमच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, गुजरातचा टॅक्स पुन्हा, आणि महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मिळावा म्हणून पुण्यात वेगळा अर्ज. तो परतावा मिळतो, पण त्यासाठी पुण्यात कुणीतरी खेपा घालणारं हवं, आणि तुमचा मुलगा खेपा घालणार आहे का हे तुम्हीच जास्त जाणता.

त्यातून २०१३ ची गाडी म्हणजे आरसी, गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी, २०२८ ला संपणार. एवढं सगळं करून हाताशी थोडीच वर्षं, पुढे रिन्यूअल. माझं मत विचाराल तर त्याला म्हणावं पुण्यातच विक, पैसे पाठव, आणि इथे जीजे ०६ ची, एका हातची गाडी बघा. गाडीत जीव अडकला असेल, नातवंडं त्यात मोठी झाली वगैरे, तर मग प्रश्नच नाही, आणा.

प्रश्न : २०११ ची आय-टेन आहे, पंधरा वर्षं भरतायत. शेजारी म्हणतात आता भंगारात द्यावी लागणार.
— वाडी

उत्तर : शेजारी दिल्लीच्या बातम्या बघतात. डिझेल दहा आणि पेट्रोल पंधरा वर्षं हा बंदीचा विषय दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरचा, बडोद्याचा नाही. तुमची आरसी संपायच्या आधीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरा, गाडी तपासणीला न्या, पास झाली की पाच वर्षं वाढतात. एप्रिल २०२२ पासून पंधरा ते वीस वर्षांच्या कारची रिन्यूअल फी ५००० रुपये आहे, पूर्वी सहाशे होती, तेवढी एक बोंब. हेडलाइट, हँडब्रेक, हॉर्न, टायर आणि पीयूसी आधी नीट करून न्या. सायलेन्सर फुटका असेल तर तोही.

प्रश्न : हालोलला नोकरी, रोज जाऊन येऊन ऐंशी किलोमीटर. वॅगनआर २०१२, ९२ हजार चाललेली. सीएनजी किट बसवू का?
— गोत्री रोड

उत्तर : आकडे धरून बघू, भाव बदलत राहतात तेव्हा तुम्ही आजचे घाला. पेट्रोल ९५ आणि ॲव्हरेज १८ म्हणजे किलोमीटरला सव्वापाच रुपये. सीएनजी ८० आणि किलोला २५ म्हणजे तीन वीस. दोन रुपये वाचले, महिन्याला दोन हजार किलोमीटर, चार हजार रुपये. पन्नास हजारांचं किट वर्षभरात सुटतं. पण तुमची आरसी २०२७ ला संपतीये, म्हणून किट बसवायच्या आधी इंजिनचं कम्प्रेशन चेक करून घ्या, थकलेल्या इंजिनावर सीएनजी टाकलं की वर्ष-दोन वर्षांत व्हॉल्व्हचं काम निघतं आणि वाचलेले पैसे तिथेच जातात. कम्प्रेशन चांगलं आलं तर खुशाल बसवा. कमी आलं तर ही विकून कंपनी फिटेड सीएनजीची जुनी गाडी शोधा, तिचं सस्पेन्शन सिलिंडरच्या वजनाच्या हिशोबाने दिलेलं असतं.

किट तुमच्या मॉडेलसाठी मंजूर असलेलंच हवं, आरसीवर आणि विम्यात नोंद हवी, नाहीतर क्लेमच्या वेळी वाद होणारच. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, दर तीन वर्षांनी, तारीख प्लेटवर असते, पंपावाले ती बघतात. सकाळी गाडी पेट्रोलवर सुरू करा आणि टाकी कधी कोरडी ठेवू नका, नुसत्या गॅसवर वर्षानुवर्षं चालवलेल्या गाड्यांचे पेट्रोल पंप बसलेले मी पुष्कळ बघितलेत. डिकी गेली असं समजा. बायको आणि सासूबाई दोघींना आधी सांगा.

प्रश्न : २०१७ ची बेसिक आल्टो घरात आहे, अगदी छान चालते. सून म्हणते एअरबॅग नाही, मी बसणार नाही. एवढं काय त्यात?
— एक आजोबा, कारेलीबाग

उत्तर : आजोबा, सून बरोबर आहे. ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या गाड्यांना सक्तीची झाली जुलै २०१९ पासून, शेजारच्या सीटची त्याच्याही नंतर, २०२१ मध्ये. त्याआधीच्या बेसिक मॉडेलला बहुतेक काहीच नसायचं. बिनएअरबॅगच्या आल्टो ८०० ला ग्लोबल एनकॅप या गाड्या आपटून तपासणाऱ्या संस्थेच्या २०१४ च्या चाचणीत शून्य स्टार मिळाले होते आणि नंतर बाहेरून एअरबॅग बसवून घेणं हा प्रकार करूच नका. मांडवी, न्याय मंदिर, भाजी, दवाखाना, शहरातल्या तीस-चाळीसच्या स्पीडला ही गाडी चालेल, मागच्या सीटवरही बेल्ट लावून. अहमदाबाद एक्सप्रेसवेवर मात्र तिला नेऊ नका, तिथे ट्रेनने जा किंवा सुनेच्या माहेरची मोठी गाडी मागा. बदलायची झाली तर दोन एअरबॅग आणि एबीएस असलेली बघा, मॉडेल दोन वर्षं कमी नवं मिळालं आणि म्युझिक सिस्टिम नसली तरी चालेल.

प्रश्न : गाडी दोन वर्षांपूर्वी विकली, ओळखीच्याच भाईंना. अजून माझ्याच नावावर आहे, ई-चलन माझ्या मोबाइलवर येतात. ते म्हणतात करतो, करतो.
— फतेगंज

उत्तर : चलन हा छोटा भाग आहे. त्या गाडीने उद्या कुणाला उडवलं तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलंय, गाडी नंतर किती हातांतून गेली याला अर्थ नाही. आणि विमा चालू नसेल तर भरपाई तुमच्या खिशातून. कायद्याने विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, तुमचे दोघांचेही दिवस कधीच गेले, तरी कळवणं टाळू नका.

उद्याच तुमच्या गाडीचं स्टेटस परिवहनच्या साइटवर बघा, विमा आणि पीयूसी चालू आहे का ते कळेल. डिलिव्हरीच्या वेळी सही केलेला कागद, फॉर्म २९ ची झेरॉक्स, पैसे आल्याचं बँक स्टेटमेंट जे असेल ते जोडून दरजीपुऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तुमच्या नावाचा फास्टॅग अजून त्या काचेवर असेल तर बँकेला सांगून बंद करा. बाकीच्या वाचकांनी एवढं बघा की डीलरला गाडी देत असाल तर तो आरटीओकडे नोंदलेला आहे का, एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरला की पुढची जबाबदारी त्याच्याकडे जाते.

आणि त्या भाईंना आता फोन नको. ३० नंबरचा फॉर्म भरून, फक्त त्यांची सही बाकी ठेवून, सकाळी दुकान उघडायच्या वेळेला स्वतः जाऊन उभे राहा. आधारची झेरॉक्स तिथेच काढून घ्या आणि ट्रान्सफरची फी तुम्हीच भरा, ती चलनांपेक्षा स्वस्त पडेल.